स्कोअर मोठा, पण कोणत्या कामाचा?

सांगलीत माझं संगणक जोडणीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की दुकानातही आणि या सदराच्या टपालातही एकच विषय असतो : कुठला प्रोसेसर घ्यावा, आणि त्याच्या नावापुढे इंटरनेटवर दिसणाऱ्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा. म्हणून या वेळी सगळी पत्रं बेंचमार्कबद्दलचीच, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांबद्दलचीच, निवडली आहेत. माणसं वर्ष वर्ष पैसे साठवून मशीन घेतात. नको त्या आकड्याकडे बघून ते पैसे गेलेले पाहिले की मला फार वाईट वाटतं. तेव्हा काही उत्तरं लांबली आहेत, ती चालवून घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले, किंमत जवळपास सारखीच. एकात कोअर आय७-१२५५यू आहे : १० कोअर, ४.७ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात कोअर आय५-१२४५०एच : ८ कोअर, ४.४ गिगाहर्ट्झ. दुकानदार म्हणतो, आय७ घ्या, त्याचे सगळेच आकडे मोठे. माझा भाचा म्हणतो, बेंचमार्क बघा, आय५ पुढे आहे. मी स्वतः बघितलं तर एका चाचणीत आय७ पुढे आणि दुसरीत आय५! आता खरं कुणाचं मानायचं?
— एक पालक, बार्शी

उत्तर : दोन्ही चाचण्या खऱ्या आहेत. बेंचमार्कमध्ये प्रोसेसरला एक ठरावीक काम देतात, ते संपायला किती वेळ लागला ते मोजतात आणि त्यावरून आकडा काढतात. काम बदललं की पुढचा मागे आणि मागचा पुढे होऊ शकतो. तुम्ही पाहिलेल्या चाचण्यांनी दोन वेगळी कामं दिली होती, एवढंच.

आय७ पुढे दिसला ती बहुधा सिंगल कोअर चाचणी असणार. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग.) तिच्यात सगळं काम एकाच कोअरवर चालतं आणि बाकीचे बसून राहतात. दोन्ही प्रोसेसर एकाच पिढीचे आहेत, त्यामुळे ज्याचा एक कोअर जास्त वेगाने धावतो तो तिथे थोडा पुढे जातो. मल्टी कोअर चाचणीत मात्र सगळे कोअर एकदम कामाला लागतात आणि दुकानातल्या पाटीवर न लिहिलेल्या दोन गोष्टी बाहेर येतात.

एक म्हणजे ते १० कोअर सारखे नाहीत. आय७-१२५५यू मध्ये दमदार मोठे कोअर फक्त २ आहेत, उरलेले ८ हे वीज वाचवणारे छोटे. आय५-१२४५०एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ४. नुसती बेरीज करून १० आणि ८ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट विजेची, आणि लॅपटॉपमध्ये मी तिला सगळ्यात जास्त महत्त्व देते. नावाच्या शेवटी यू असलेल्या या प्रोसेसरसाठी इंटेलने पायाभूत १५ वॅट धरले आहेत, एच असलेल्यासाठी ४५ वॅट. थोड्या वेळापुरते दोघेही याच्या खूप वर जाऊ शकतात, पहिला ५५ वॅटपर्यंत, दुसरा ९५ पर्यंत. पण एवढी वीज घेतली की तेवढी उष्णता बाहेर टाकावी लागते. पातळ लॅपटॉपचा छोटा पंखा ती टाकू शकत नाही, मग प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. पाटीवरचे ४.७ गिगाहर्ट्झ खोटे नाहीत, पण ते एका कोअरचे आणि थोड्या वेळाचे आहेत.

म्हणून कुठलाही स्कोअर बघताना चाचणी किती वेळ चालली हे आधी विचारा. गीकबेंच ६ मध्ये छोटी छोटी कामं असतात : फाइल दाबून लहान करणं, पीडीएफ पान उघडणं, फोटोवर प्रक्रिया, कोड कंपाइल करणं. दोन कामांच्या मध्ये ती चाचणी मुद्दाम थोडी थांबते, म्हणजे मशीन तापून निकाल बिघडत नाही. आपण ब्राउझर उघडतो, फाइल उघडतो, मग वाचत बसतो, त्या वापराशी हे बऱ्यापैकी जुळतं. सिनेबेंच आर२३ मध्ये एका खोलीचं त्रिमितीय चित्र सगळे कोअर मिळून रंगवतात आणि ते न थांबता किमान १० मिनिटं चालू राहतं. तिथे पंख्याचा आणि विजेचा खरा कस लागतो. अशा सलग जड कामात एचवाला आय५ साधारणपणे यूवाल्या आय७ च्या पुढे राहतो. भाच्याने हेच पाहिलं असणार.

गिगाहर्ट्झबद्दल दुकानदार जे बोलला ते मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या आतलं घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देतं तो आकडा. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला, दीड गिगाहर्ट्झचा. त्याआधीचा पेंटियम ३ होता १ गिगाहर्ट्झचा. आकड्याने दीडपट, पण बऱ्याच कामांत जुना नव्याच्या बरोबरीला यायचा, काही ठिकाणी पुढेही जायचा. नव्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक सूचनेचं काम २० टप्प्यांत तोडलं होतं, म्हणून घड्याळ वेगाने पळवता आलं. पण एका ठोक्यात होणारं काम कमी झालं. २००१ मध्ये एएमडीने तर आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला अॅथलॉन एक्सपी १८००+ असं नाव दिलं, कारण गिऱ्हाईक फक्त गिगाहर्ट्झ वाचत होतं. एका ठोक्यात किती काम होतं हे पाटीवर लिहिता येत नाही, आणि बेंचमार्क लागतात ते त्याचसाठी.

स्कोअर वाचताना आणखी एक पथ्य. गीकबेंच ६ मध्ये कोअर आय७-१२७०० या प्रोसेसरला २५०० धरून बाकीचे आकडे बसवले आहेत, म्हणजे ५००० आले तर त्याच्या दुप्पट. पण गीकबेंच ५ मध्ये कोअर आय३-८१०० ला १००० धरले होते. त्यामुळे ५ चा आकडा आणि ६ चा आकडा शेजारी ठेवून बघायचे नाहीत. सिनेबेंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ यांचंही तसंच. आणि स्कोअर शोधताना प्रोसेसरचं नाव टाकून शोधू नका, त्या लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधा. एकाच प्रोसेसरला एक कंपनी ३५ वॅट देते आणि दुसरी ६०, आणि निकालात फार मोठा फरक पडतो.

आता मुलीचं बोलू. पहिल्या वर्षाचं सी आणि पायथन यांतला कुठलाही लॅपटॉप चालवेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड एम्युलेटर, मोठे प्रकल्प कंपाइल करणं सुरू होतं, तेव्हा सलग ताकद लागते. मी आय५-एच घेतला असता. मात्र तो जड असतो, बॅटरी लवकर उतरते. ती रोज एसटीने ये-जा करणार असेल आणि कॉलेजात चार्जिंगची सोय नसेल, तर यूवाला घेण्यातही चूक नाही. कुठलाही घ्या, रॅम १६ जीबी आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. एकच पट्टी असली की मेमरीकडून माहिती येण्याची वाट निम्मी होते. आय७-१२५५यू मधलं आयरिस एक्सई ग्राफिक्स तर एका पट्टीवर त्या नावाने दिसतसुद्धा नाही, साधं यूएचडी दाखवतं.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. मालकांनी जुना संगणक बदलून नवा दिला. नव्याचा मल्टी कोअर स्कोअर जुन्याच्या तिप्पट आहे असं विकणाऱ्याने दाखवलं. पण हिशेबाच्या पॅकेजमधला वर्षअखेरचा अहवाल काढायला आणि आमचा एक्सेलचा जुना मॅक्रो चालायला जवळजवळ पूर्वीइतकाच वेळ लागतो. गंमत म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू फक्त १३ टक्के वापरात दिसतो. मशीनमध्ये काही दोष आहे का?
— इचलकरंजी

उत्तर : दोष नाही, आणि तुम्ही १३ टक्के लिहिलंत त्यातच उत्तर आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये ८ धागे (थ्रेड), म्हणजे एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ८ ओळी, असणार. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एक धागा पूर्ण भरलेला आहे, बाकीचे सात मोकळे आहेत, आणि टास्क मॅनेजर सगळ्यांची मिळून सरासरी दाखवतो. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असतं, म्हणून वेगवेगळे आलेख पाहिले तर एकही भरलेला वाटत नाही.

एक्सेल साध्या सूत्रांची आकडेमोड २००७ च्या आवृत्तीपासून अनेक कोअरवर वाटून करू शकतं, पण मॅक्रो एकाच धाग्यावर चालतो. पुढची ओळ मागच्या ओळीच्या उत्तरावर अवलंबून असेल तर काम वाटता येत नाही. पुरण शिजल्याशिवाय पोळ्या लाटायला घेता येत नाहीत, मग लाटायला घरात आठ जणी का असेनात. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हे गणितात मांडलं. कामाचा दहावा भाग जरी एकामागून एकच करण्यासारखा असेल, तरी ८ कोअर लावून वेग ८ पट होत नाही, ४.७ पट होतो. कोअर कितीही वाढवले तरी १० पटीच्या वर जात नाही. आणि तुमच्या मॅक्रोचा तर बहुतेक सगळाच भाग एकामागून एकचा आहे.

तुम्हाला बघायला हवा होता तो सिंगल कोअर स्कोअर. जुन्या-नव्याची त्यात तुलना करा, फरक थोडाच निघेल असा माझा अंदाज आहे.

अहवालाचं कारण आणखी वेगळं असू शकतं. हिशेबाचा डेटा तुमच्याच मशीनवर आहे की मालकांच्या केबिनमधल्या जुन्या संगणकावरून नेटवर्कने येतो? बऱ्याच कार्यालयांत तो जुन्या हार्ड डिस्कवर पडून असतो. मग नवा प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो, आणि वाट बघण्याचा वेळ कुठलाही प्रोसेसर बेंचमार्क मोजत नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी डेटाची प्रत तुमच्या एसएसडीवर घेऊन तोच अहवाल काढून बघा. चटकन निघाला, तर मालकांना सांगा की खर्च तिकडच्या मशीनच्या डिस्कवर करायला हवा.

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. एडिटिंगसाठी डेस्कटॉप जोडायचा आहे. कोअर आय५-१२४०० आणि १२४००एफ यांचे सिनेबेंचचे स्कोअर तंतोतंत सारखे आहेत, एफवाला स्वस्त आहे. एफ घेऊन वाचलेले पैसे रॅममध्ये घालू का? ग्राफिक कार्ड जुनं आहे तेच लावणार आहे.
— नांदेड

उत्तर : तुमचा कॅमेरा काय रेकॉर्ड करतो हे बघितल्याशिवाय एफ घेऊ नका.

या दोन प्रोसेसरचे कोअर तेच, वेग तोच. म्हणून सिनेबेंच सारखाच येणार. फरक इतकाच की एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं, आणि त्याच्याबरोबर क्विक सिंक हा भागही जातो. व्हिडिओ उलगडायला आणि पुन्हा दाबायला इंटेलने २०११ पासून प्रोसेसरमध्ये ही वेगळी सोय ठेवली आहे. सिनेबेंच या भागाला हातही लावत नाही, कारण ती चित्र रंगवण्याची चाचणी आहे, व्हिडिओची नाही.

आजकालचे मिररलेस कॅमेरे १० बिट, ४:२:२ असं एच.२६५ चित्रण देतात, म्हणजे रंगांची जास्त माहिती असलेलं पण खूप दाबलेलं. ते टाइमलाइनवर मागेपुढे करताना सतत उलगडावं लागतं. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक्स हे हार्डवेअरमध्ये करतं. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये मात्र ४:२:२ ची ही सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० च्या मालिकेपर्यंत नव्हती, म्हणजे तुमचं जुनं कार्ड इथे उपयोगी पडणार नाही. माझ्याकडे फोटोग्राफर मंडळी "स्कोअर चांगला आहे, तरी व्हिडिओ अडकतो" म्हणून मशीन घेऊन येतात, तेव्हा मी झाकण उघडायच्या आधी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघते.

तुमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती क्विक सिंक वापरते का, तेवढं तपासा. वापरत असेल तर साधा १२४०० घ्या. आणि जोडणाऱ्याला मशीन ताब्यात घेण्याआधी तुमच्याच एखाद्या लग्नाचा पाच मिनिटांचा तुकडा एक्सपोर्ट करून दाखवायला सांगा. तुमच्यासाठी याच्याइतका चांगला बेंचमार्क दुसरा नाही.

प्रश्न : मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये पंपाच्या बेअरिंगची थरथर मोजून तिचा एफएफटी (थरथरीत कोणकोणत्या वारंवारता आहेत ते दाखवणारं गणित) काढायचा आहे. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये ७२ मेगाहर्ट्झला १.२५ डीमिप्स प्रति मेगाहर्ट्झ लिहिलं आहे, म्हणजे ९० डीमिप्स. एसटीएम३२एफ४०७ मध्ये १६८ मेगाहर्ट्झ, २१० डीमिप्स. म्हणजे दुसरा सव्वादोन पट फास्ट, असंच ना? गाइड सर म्हणाले तेवढ्यासाठी महागडा बोर्ड कशाला. डीमिप्स नक्की काय मोजतात?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण तू डेटाशीट उघडून वाचलंस.

डीमिप्सचा उगम ड्रायस्टोन या चाचणीत आहे. राइनहोल्ड वायकर यांनी ती १९८४ मध्ये लिहिली. त्या काळचे प्रोग्रॅम साधारण काय करतात याचा अभ्यास करून त्यांनी एक छोटा नमुना प्रोग्रॅम बनवला : पूर्णांकांची बेरीज, अटी, फंक्शन कॉल, अक्षरमाला एकीकडून दुसरीकडे उतरवणं आणि ताडून बघणं. व्हॅक्स ११/७८० हा संगणक तेव्हा १ मिप्सचा मानला जायचा आणि तो ड्रायस्टोनच्या सेकंदाला १७५७ फेऱ्या करायचा. म्हणून आलेल्या फेऱ्यांना १७५७ ने भागलं की डीमिप्स मिळतात. तू ९० म्हणतेस ते त्या जुन्या मशीनच्या ९० पट.

आता त्या यादीत काय नाही ते बघ. दशांश अपूर्णांकांचं गणित नाही. वायकर यांनी ते मुद्दामच ठेवलं नाही, कारण त्यासाठी १९७२ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत तयार झालेली व्हेटस्टोन चाचणी आधीपासून होती. तुझा एफएफटी फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांकांच्या प्रकारात, लिहिलास तर तो सगळा गुणाकार-बेरजांचाच. एफ४०७ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं वेगळं हार्डवेअर आहे, एफ१०३ मध्ये नाही. तिथे प्रत्येक फ्लोट गुणाकार सॉफ्टवेअरने, अनेक सूचनांमधून करावा लागतो. म्हणून तुझ्या कामात फरक सव्वादोन पटींपेक्षा पुष्कळ मोठा निघेल, आणि डीमिप्समध्ये तो दिसणारच नाही.

तुझ्या ९० मध्येही एक मेख आहे. डेटाशीटची ती ओळ पूर्ण वाच : शून्य वेट स्टेट असताना १.२५, असं लिहिलं आहे. ७२ मेगाहर्ट्झला एफ१०३ ची फ्लॅश मेमरी एवढ्या वेगाने सूचना देऊ शकत नाही, तिला दोन वेट स्टेट, म्हणजे थांबण्याचे दोन ठोके, लावावे लागतात. प्रत्यक्षात ९० मिळतीलच असं धरून चालू नकोस.

ड्रायस्टोनची जुनी दुखणी आणखीही आहेत. प्रोग्रॅम इतका लहान की हुशार कंपायलर त्यातलं पुढे न वापरलेलं काम काढूनच टाकायचे आणि आकडा फुगायचा. १९८८ मध्ये त्यासाठी २.१ ही आवृत्ती निघाली, पण दुखणं पुरतं गेलं नाही. २००९ मध्ये ईईएमबीसी या संस्थेने कोअरमार्क आणली. तिच्यात याद्या, मॅट्रिक्स, स्टेट मशीन आणि सीआरसी (माहितीतली चूक पकडणारं गणित) यांची कामं आहेत, आणि उत्तर आधीच काढून ठेवता येऊ नये अशी तिची रचना आहे. मायक्रोकंट्रोलर ताडून बघायला ती बरी. पण तिच्यातही फ्लोट नाही.

मग तू काय करायचंस? सरांचं म्हणणं मोडीत काढू नकोस, मोजून दाखव. एफ१०३ वर सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररीतला १६ बिटांचा फिक्स्ड पॉइंट (पूर्णांकांवर चालणारा) एफएफटी चालव. सुरू होताना एक पिन वर कर, संपल्यावर खाली आण आणि ऑसिलोस्कोपवर ती रुंदी बघ. कॉलेजचा स्कोप मोकळा नसेल तर दोन्ही चिपांच्या कोअरमध्ये सायकल मोजणारा डीडब्ल्यूटी काउंटर आहे, तो आधी आणि नंतर वाच. पुढचे नमुने गोळा व्हायच्या आत एफएफटी संपत असेल तर स्वस्त बोर्ड पुरतो आणि सर बरोबर ठरतात. एफ४०७ घ्यायची वेळ आली तर कंपायलरमध्ये हार्ड फ्लोट सुरू आहे ना ते बघ, आणि सगळे चल (व्हेरिएबल) फ्लोट ठेव. त्यातलं हार्डवेअर फक्त सिंगल प्रिसिजनचं (३२ बिटांचं) आहे, एक डबल शिरला की ते गणित परत सॉफ्टवेअरकडे जातं. रुंदी मोजलीस की मला जरूर कळव.

प्रश्न : २००७ मध्ये पुण्यात बनलेला 'एका' नावाचा महासंगणक जगात चौथा आला होता, तेव्हा आम्हाला फार अभिमान वाटला होता. असा क्रम कोणत्या परीक्षेवर लावतात? तीसुद्धा बेंचमार्कच का?
— सेवानिवृत्त वाचक, पुणे

उत्तर : हो काका, बेंचमार्कच, आणि अभिमान वाटावा असंच ते यश होतं. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभा केलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत चौथा आला. ही यादी १९९३ पासून वर्षातून दोनदा निघते. तिची परीक्षा एकच, लिनपॅक. हजारो-लाखो अज्ञात राशींची समीकरणं एकदम सोडवायची आणि सेकंदाला किती गणितं झाली ते मोजायचं. 'एका'चा आकडा होता ११७.९ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). त्याची कागदावरची कमाल क्षमता होती सुमारे १७१. कमाल क्षमतेच्या सुमारे ६९ टक्के प्रत्यक्षात उतरवणं सोपं नसतं. हजारो प्रोसेसर एकमेकांशी किती चांगले बोलतात हे त्यातून कळतं.

पण लिनपॅकमध्ये मेमरीतून एकदा आणलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरता येते. हवामानाच्या गणितात तसं नसतं. तिथे संख्या आणायची, एक-दोनदा वापरायची आणि पुढची आणायची, म्हणून मशीनचा बराच वेळ मेमरीची वाट बघण्यात जातो. लिनपॅकच्या जनकांपैकी एक असलेल्या जॅक डोंगारा यांनीच पुढे सहकाऱ्यांबरोबर एचपीसीजी ही दुसरी चाचणी आणली, जी हे मेमरीचं अंग तपासते. जपानचा फुगाकू महासंगणक लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप्स (एक पेटा म्हणजे हजार टेरा) देतो आणि एचपीसीजीवर १६. मशीन तेच आहे, बिघडलेलं काही नाही. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ साली प्रत्यूष हा महासंगणक बसला, तो हवामानासाठी. अशा मशीनचं मोल त्याच्या क्रमांकापेक्षा त्याच्यावर पावसाचा अंदाज किती बारीक जाळीने आणि किती वेळात निघतो, यावर ठरवायला हवं असं मला वाटतं.

प्रश्न : रायझन ७ ५८००एक्स सिनेबेंचमध्ये ५८००एक्स३डी च्या पुढे, पण गेममध्ये मागे. असं का?
— नागपूर

उत्तर : वरचं काकांना दिलेलं उत्तर वाच, कारण तेच आहे. ५८००एक्स मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच, रॅमपेक्षा जवळची छोटी मेमरी) ३२ एमबी, एक्स३डी मध्ये ९६. कॅश वर चढवल्यामुळे एक्स३डी चा कमाल वेग ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवावा लागला. सिनेबेंचचं काम छोट्या कॅशमध्ये मावतं, म्हणून तिथे वेग जिंकतो. गेममध्ये माहिती सगळीकडे विखुरलेली असते, आणि रॅमकडे एक फेरी मारायची म्हणजे प्रोसेसरचे शेकडो ठोके फुकट जातात. मोठी कॅश त्या फेऱ्या वाचवते.

प्रश्न : कंपन्या बेंचमार्कमध्ये फसवतात असं ऐकतो. मग हे सगळे आकडे बघायचेच कशाला?
— चिपळूण

उत्तर : फसवल्याची उदाहरणं आहेत, आणि मला त्यांचा संताप येतो. २०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ३ चाचणीच्या अॅपचं नाव ओळखून प्रोसेसर जास्त वेगाने चालवतो हे उघड झालं. परीक्षकांनी त्याच अॅपचं नाव बदललं आणि स्कोअर खाली आला. २०२२ मध्ये उलटं निघालं : गेम आणि इतर अॅपचा वेग आवरायचा, पण बेंचमार्कला हात लावायचा नाही. गीकबेंचने तेव्हा सॅमसंगच्या एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिकांचे फोन आपल्या तक्त्यातून काढून टाकले.

याची दुसरीही बाजू बघा. १९८८ मध्ये स्थापन झालेली स्पेक ही संस्था नमुन्याचे प्रोग्रॅम लिहीत बसत नाही. सी भाषेचा कंपायलर, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम, हवामानाचं मॉडेल अशी प्रत्यक्ष वापरातली कामं घेते आणि प्रत्येकाची वेळ एका जुन्या संदर्भ-मशीनच्या वेळेशी ताडते. तिथेही पळवाटा शोधल्या गेल्या. पहिल्याच, १९८९ च्या संचातली मॅट्रिक्स३०० ही चाचणी कंपायलर इतक्या सहज मोडीत काढू लागले की १९९२ च्या संचातून ती वगळावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर स्पेकने २६०० हून जास्त निकालांवर अवैध असा शेरा मारला, कारण इंटेलच्या कंपायलरमध्ये एक्सएमएलच्या एकाच चाचणीसाठी खास केलेली सुधारणा सापडली. चाचणीचा कोड आणि नियम सगळ्यांसमोर असले, तर असं कुणाला तरी सापडतं. म्हणून बघायचे आकडे असे, ज्यांच्यामागे नक्की कोणतं काम होतं हे सांगितलेलं आहे. फोनच्या खोक्यावर नुसता लाखांतला आकडा छापलेला असेल आणि तो कशाचा आहे हे कुठेच नसेल, तर माझ्या लेखी त्याला किंमत नाही.

प्रश्न : ताई, दुकानात लॅपटॉप हाताळायला दहा-पंधरा मिनिटंच मिळतात. तेवढ्यात काय तपासू?
— लातूर

उत्तर : आधी चार्जर लावा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी उघडा, रॅमच्या किती जागा भरल्या आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. मग पेनड्राइव्हवरून सिनेबेंच सुरू करा आणि दहा मिनिटांची फेरी पूर्ण होऊ द्या. ती चालू असताना टास्क मॅनेजरमधल्या सीपीयूच्या वेगावर नजर ठेवा : सुरुवातीला किती, दोन मिनिटांनी किती, शेवटी किती. तुमच्याकडे मे महिन्यात जी हवा असते ती दुकानातल्या एसीत नसते, म्हणून शेवटचा आकडा आधीच डळमळत असेल तर घरी तो आणखी उतरेल. वेळ उरला तर चार्जर काढून सिंगल कोअरची एक फेरी करा, बॅटरीवर काही लॅपटॉप वेग फार उतरवतात.

दुकानदार चाचणी चालवू देत नसेल, तर नेमक्या त्याच मॉडेलचा आणि तेवढ्याच रॅमचा सलग चाचणीचा निकाल शोधा. तोही नाही मिळाला तर दुसऱ्या दुकानात जा. लातुरात चाचणी चालवू देणारी दुकानं नक्की मिळतील.